कंडोमवर करसवलत, पण गोळीवर नाही? अमेरिकेतला हा नियम काय आहे?

अमेरिकेत कंडोमप्रमाणेच रोज घ्यायची गर्भनिरोधक गोळीही आता डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळते. 'ओपिल' या गोळीला एफडीएने जुलै २०२३ मध्ये तशी मंजुरी दिली. मग हा खर्च 'वैद्यकीय खर्च' म्हणून उत्पन्नातून वजा करता येतो का?

थोडक्यात उत्तर: कंडोमचा येतो, चिठ्ठीविना घेतलेल्या गोळीचा नाही.

असं का?

तिथल्या करकायद्यानुसार औषध डॉक्टरांनी लिहून दिलेलं असेल, तरच त्याचा खर्च धरला जातो. अपवाद फक्त इन्सुलिनचा. कंडोम हे औषध नसल्याने त्याला ही अट लागत नाही. आयआरएसने, म्हणजे तिथल्या कर विभागाने, ऑक्टोबर २०२४ मध्ये तसं स्पष्टही केलं. रोजची गोळी आणि इमर्जन्सी पिल मात्र औषधात मोडतात. म्हणजे डॉक्टरकडे जाणं परवडत नाही म्हणून थेट दुकानातून गोळी घेणाऱ्या महिलेलाच ही वजावट मिळत नाही.

प्रत्यक्षात किती पैसे वाचतात?

बहुतेकांचे काहीच नाही. वर्षभराचा एकूण वैद्यकीय खर्च समायोजित उत्पन्नाच्या ७.५ टक्क्यांहून जास्त असेल, तर फक्त वरची रक्कम वजा होते. उत्पन्न ८०,००० डॉलर असेल, तर पहिले ६,००० डॉलर धरलेच जात नाहीत. शिवाय त्यासाठी स्टँडर्ड डिडक्शन सोडावं लागतं.

मग फायदा कुठे?

एचएसए आणि एफएसए या आरोग्य खर्चाच्या खात्यांत. त्यात करमुक्त पैसे ठेवता येतात. २०२० च्या केअर्स कायद्यापासून चिठ्ठीविना घेतलेल्या औषधांचा खर्चही या खात्यांतून करता येतो. त्यामुळे इथे गोळी आणि कंडोम, दोन्ही चालतात. अमेरिकेत नोकरी करत असाल, तर कंपनीकडून अशी सोय आहे का ते विचारा आणि पावत्या जपून ठेवा. या खात्यातून केलेला खर्च पुन्हा वजावटीत दाखवता येत नाही.

भारतात काय?

भारतात कंडोम आणि गर्भनिरोधक गोळ्यांवर जीएसटी नाही. पण आयकरात त्यांची वजावट मिळत नाही. '८०डी'ची सवलत मुख्यतः आरोग्य विम्याच्या हप्त्यासाठी आहे, मेडिकलच्या रोजच्या बिलांसाठी नाही.