डहाणूच्या मेनूकार्डावरचं मेक्सिको

आजचा भाग जेवणावर आहे, पण ताटातून निघून आपण तलासरीच्या पाड्यांवर पोचणार आहोत, हे आधीच सांगून ठेवतो.

मागच्या हिवाळ्यात आम्ही चौघं डहाणूला गेलो होतो. पारनाक्याच्या किनाऱ्यावर फिरलो, भूक लागली, आणि एका साध्याशा कॅफेत शिरलो. प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर वारली चित्रं, मेनूकार्डात आधी पावभाजी, मग चायनीज आणि सगळ्यात मागच्या पानावर ‘मेक्सिकन’. नाचोज, टाको, राजमा भरलेला बरिटो. सगळं व्हेज, कारण शनिवार-रविवारी गाड्या भरून येणारे बरेच पाहुणे सुरत-वापीकडचे. आम्ही नाचोज मागवले आणि सोबत चिकू शेक. डहाणूत येऊन चिकू नाही घेतला तर घरचे काय म्हणतील?

ताट समोर आल्यावर आमच्यातला एक जण म्हणाला, “चिकू शेक तेवढा आपला, बाकी सगळं परदेशी.”

आता गंमत बघा. नाचोज हा प्रकार जेमतेम ऐंशी वर्षांचा आहे. १९४३ साली पिएद्रास नेग्रास या मेक्सिकोच्या सीमेवरच्या गावात इग्नासियो अनाया नावाच्या माणसाने, सीमेपलीकडून आलेल्या अमेरिकन बायकांना काहीतरी खायला द्यायचं म्हणून, हाताशी होतं त्यातून तो जुळवला. इग्नासियोचं लाडाचं नाव नाचो, म्हणून नाचोज. त्यावरचं चीज मेक्सिकोचं नाही, गाई तिकडे स्पॅनिश लोकांनी नेल्या. कांदा, लिंबू, कोथिंबीर हेही जुन्या जगातून तिकडे गेलेलं. म्हणजे साल्सातला निम्मा माल आपल्या बाजूचा. उरलेला मका, टोमॅटो, राजमा, मिरची हा तिकडचा.

आणि चिकू? तो तर पक्का तिकडचा. दक्षिण मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या जंगलातलं ते झाड. आमच्या टेबलावर सगळ्यात मेक्सिकन वस्तू कुठली असेल तर ती त्या काचेच्या ग्लासात होती.

मिरचीचं थोडक्यात सांगतो, कारण ती गोष्ट तुम्ही ऐकली असेल. पोर्तुगीज यायच्या आधी आपल्याकडे तिखट म्हणजे मिरी. नवं फळ आलं, तेही तिखट, मग मिरीवरूनच नाव पडलं मिरची. तिकडे कोलंबसच्या माणसांनीही अगदी हेच केलं होतं, मिरचीला मिऱ्याचंच नाव लावलं. डहाणूचा किनारा १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होता आणि इथून थोडं वर असलेलं दमण तर १९६१ पर्यंत. त्यामुळे या पट्ट्यात मिरची आली कशी, याचं फार कोडं नाही. आज डहाणूचे शेतकरी ढोबळी मिरची पिकवतात, ती त्याच खानदानातली.

चिकूची गोष्ट मात्र सावकाश सांगण्यासारखी आहे.

ॲझ्टेक लोकांची भाषा नाहुआत्ल. तिच्यात अशा फळांना ‘त्सापोत्ल’ म्हणत. स्पॅनिश लोकांनी त्याचं ‘चिकोसापोते’ केलं, फिलिपिन्समध्ये त्याचं नुसतं ‘चिको’ झालं आणि आपण ‘चिकू’ म्हणतो. फळ तोडलं की देठातून पांढरा चीक येतो, म्हणून चिकू, असं मला लहानपणी वाटायचं. तसं नाहीये. पण योगायोग भारी आहे, कारण मेक्सिकोत या झाडाची किंमत फळापेक्षा चिकासाठीच जास्त होती. खोडावर तिरप्या खाचा पाडायच्या, चीक गोळा करायचा, उकळायचा. त्याला म्हणतात चिक्ले. टॉमस ॲडम्स नावाच्या न्यूयॉर्कच्या माणसाने आधी त्यापासून रबर करायचा प्रयत्न केला, तो फसला. मग त्याने चघळायचा गम केला आणि १८७१ साली त्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं. च्युइंगगम हा मुळात चिकूच्या झाडाचा चीक आहे.

हे झाड घोलवडला आलं त्याचं साल बागायतीच्या पुस्तकांत १८९८ असं दिलेलं असतं. समुद्राजवळची जमीन, चुन्याचा अंश असलेली माती आणि १८६० च्या दशकातच आलेली रेल्वे. चिकू पिकला की दोन-चार दिवसांत संपला, त्यामुळे रेल्वे नसती तर बागा एवढ्या वाढल्याच नसत्या. पारशी, इराणी, गुजराती, मराठी बागायतदारांनी ‘कालीपत्ती’ चिकूच्या बागा उभ्या केल्या. आज ‘डहाणू घोलवड चिकू’ला जीआय मानांकन आहे आणि २०२१ मध्ये तो त्या नावाने ब्रिटनला रवाना झाला. मेक्सिकोचं झाड सव्वाशे वर्षांत कागदोपत्री डहाणूचं झालं. मला यात काही वावगं वाटत नाही. झाडं अशीच स्थानिक होतात.

प्रश्न पडतो तो माणसांचा.

युकातान म्हणजे मेक्सिकोचा तो कोपरा, जिथे चिकूची रानं आहेत. तिथले मूळ रहिवासी माया. एकोणिसाव्या शतकात त्यांच्या जमिनी ऊस आणि घायपाताच्या मळ्यांनी गिळल्या. हो, घायपात, आपल्याकडे बांधावर लावतात तेच, दोरासाठी. मळेवाला मजुराला लग्नासाठी कर्ज द्यायचा. ते वहीत चढायचं आणि फिटायचं नाही. मजूर, त्याची बायको, पुढे पोरंसुद्धा त्या मळ्यावर बांधली जायची. १८४७ मध्ये माया लोकांनी बंड केलं आणि ते पन्नासहून जास्त वर्षं धुमसत राहिलं. पुढे त्यांच्याच एका गटाने जंगलातला चिक्ले विकून आपला कारभार चालवला. मळ्यांवरची ही कर्जाची गुलामी कायद्याने बंद झाली ती मेक्सिकन क्रांतीच्या काळात, १९१४-१५ च्या सुमारास.

आता डहाणूच्या पूर्वेला चला. हायवे ओलांडला की चिकू विरळ होतो आणि पाडे सुरू होतात. तलासरी त्या वेळी उंबरगाव तालुक्यात होती. इथले वारली एकेकाळी जमीन कसणारे. ब्रिटिश अमलात सारा रोखीने भरायचा, जंगल सरकारचं, दारू ठेकेदाराची. सावकाराच्या वहीत अंगठा उमटला की जमीन गेली. मग तीच जमीन खंडाने कसायची आणि वर मालकाकडे वेठीला जायचं, म्हणजे फुकट राबायचं. आणि लग्न? लग्नासाठी मालकाकडून थोडे रुपये घेतले की तो तरुण ‘लग्नगडी’ झाला. तो आणि त्याची बायको, दोघंही मालकाच्या घरी राबणार, बहुतेकदा जन्मभर.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा युकातानचं पान पुन्हा उघडून बघितलं. दोन्हीकडे कर्जाची वही लग्नाच्या दिवशीच उघडलेली. कुणी कुणाचं बघून केलं नव्हतं. ज्याच्याकडे जमीन उरलेली नाही, त्याला रोख पैसा एकदाच लागतो, लग्नात. देणाऱ्याला हे बरोबर ठाऊक असतं.

एक गोष्ट नीट सांगायला हवी. सगळे चिकूवाले जमीनदार नव्हते, आणि वेठीचा खरा जोर होता भातशेती, गवत आणि जंगल यांच्यावर. पण बागेत खणायला, पाणी घालायला, काठीला बांधलेल्या जाळीने फळ उतरवायला माणसं याच पाड्यांवरून यायची. आजही येतात.

जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली. तिथे काही वारली गेले होते, त्यांत झरीचे माह्या धांगडा. पुढे २३ मे १९४५ ला तलासरीजवळच्या याच झरी गावात सुमारे पाच हजार वारली जमले. गोदावरी आणि शामराव परुळेकर तिथे होते. ठरलं ते अगदी साधं. वेठ बंद. मालकाच्या शेतावर जायचं तर रोजचे बारा आणे रोख, नाहीतर जायचं नाही. लग्नगडी मोकळे. त्यासाठी कायदा येईपर्यंत कुणी थांबलं नाही. लोक पाड्यापाड्यांवर गेले आणि लग्नगड्यांना मालकांच्या घरून घेऊन आले.

पावसाळ्यानंतर गवत कापायच्या मजुरीवरून संप झाला. ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला हजारोंचा जमाव जमला होता. त्याच्यावर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चार जण गेले. पण वेठ परत आली नाही.

नाचोज तेव्हा दोन वर्षांचे होते.

गोदावरीबाईंनी या सगळ्यावर ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक लिहिलं आणि त्याला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मिळालं तर नक्की वाचा. आणि डहाणूला गेलात तर किनाऱ्यावरूनच परत फिरू नका. तलासरी तिथून फार लांब नाही.