मैनाकिनीचं पुढे काय झालं?

मागच्या व्याख्यानानंतर घाटकोपरहून येणाऱ्या एका ताईंनी विचारलं, "सर, गोरक्षानं गुरूला स्त्रीराज्यातून सोडवलं. पण त्या राणीचं पुढे काय झालं?" आज याच प्रश्नाकडे वळू.

कथा सगळ्यांना माहीत आहे. स्त्रीराज्याच्या राणीनं मच्छिंद्रनाथांना मोहात पाडलं, आणि मृदंग वाजवत गेलेल्या शिष्यानं त्यांना जागं केलं. पण ही राणी मुळापासून मोहिनीच होती का?

मत्स्येंद्रांच्या नावावर असलेला 'कौलज्ञाननिर्णय' पाहा. प्रबोधचंद्र बागची यांनी तो 1934 साली संपादित केला. त्यात म्हटलंय, की हे शास्त्र कामरूपात योगिनींच्या घरोघरी आहे. म्हणजे तिथे स्त्री ही विद्या सांभाळणारी आहे! ज्ञानेश्वरीच्या शेवटी नाथपरंपरा येते. तिथे शिव हे ज्ञान प्रथम पार्वतीला सांगतो. या राणीचा तिथे उल्लेखही नाही.

पुढे गोरक्षपंथात ब्रह्मचर्य हाच कणा झाला. मग गुरूचं जुनं कौल वळण अडचणीचं वाटू लागलं असावं. ते झाकायचं, तर दोष कुणावर तरी टाकायला हवा. तो राणीवर पडला, असं मला वाटतं. बंगालच्या 'गोरक्षविजया'त कदलीदेशाच्या स्त्रिया गुरूला अडकवतात, त्या अशाच.

आपल्या मालू कवीनं मात्र थोडा न्याय केला. 'नवनाथ भक्तिसार' शके 1741 चा, म्हणजे 1819 चा. त्यातली मैनाकिनी शापित आहे. ती मारुतीचं तप करते, आणि खुद्द मारुतीच मच्छिंद्रांना तिच्याकडे पाठवतो. तिला मीननाथ हा मुलगा होतो. म्हणजे ताई, पोथीपुरतं तुमच्या प्रश्नाला उत्तर आहे: नाथ निघून जातात, शाप सरतो आणि वसू तिला विमानातून सिंहलद्वीपाला नेतो. पण नवरा आणि मूल एकाच दिवशी दुरावलेल्या बाईचं दुःख? त्याला फारशी जागा नाही.

मग 1932 साली प्रभातचा 'माया मच्छिंद्र' आला. शांतारामबापूंचं दिग्दर्शन. दुर्गाबाई खोटे राणी किलोतला झाल्या, रुबाबदार आणि पुरुषांचा तिटकारा असलेली. पण शेवटी कळतं, की हे सगळं गुरूंनी दाखवलेली माया होती. शाप गेला, तप गेलं, बाईच उरली नाही.

मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, म्हणून एवढंच सांगतो. वेदान्तात माया म्हटली, की सगळं नामरूप तिच्यात आलं. राणी माया असेल, तर गुरूचा देह, शिष्य आणि त्याचा मृदंगही मायाच. एकट्या बाईला माया ठरवायचं आणि बाकीच्यांना खरं, हे अद्वैत नव्हे. ही आपली सोय आहे.

श्रावणात पोथी लावाल, तेव्हा तो अध्याय जरा थांबून वाचा.