शिशाच्या अंगावरचा लेप आणि त्याचा धूर

बंदुकीच्या धुराचा दोष आपण दारूच्या माथी मारतो आणि इतिहासाचा बराच काळ तो योग्यही होता. चीनमध्ये १०४४ साली पूर्ण झालेल्या 'वूजिंग झोंगयाओ' या लष्करी ग्रंथात दारूच्या कृती सापडतात. युरोपात पुढे शोरा ७५, कोळसा १५ आणि गंधक १० हे प्रमाण रुळले. १८व्या शतकात त्यातला शोरा मोठ्या प्रमाणावर बिहारमधून, पाटण्याच्या बाजारातून, ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांत भरून जाई. ही दारू जळते तेव्हा नेमके काय उरते, याचा हिशेब अँड्र्यू नोबल आणि फ्रेडरिक एबल यांनी १८७५ साली प्रसिद्ध केला. वजनाने निम्म्याहून अधिक भाग वायू होतच नाही. पोटॅशियमचे क्षार घनरूपात मागे राहतात. रणांगण झाकोळून टाकणारा पांढरा ढग म्हणजे हेच क्षार. या ढगाआड आणखी एक धूर होता, इतका लहान की त्याची दखल घेण्याचे कारणच नव्हते. गोळीच्या अंगाला जे चोपडलेले असे, त्याचा तो धूर. आपण मागोवा घेणार आहोत तो त्याचा.

शिसे ३२७ अंशांना वितळते, साच्यात सहज ओतता येते आणि वजनाने भरीव असते. गोळीसाठी याहून सोयीचा धातू नाही. पण ते मऊ आहे. नळीत आतून पिळाच्या खाचा पाडण्याची कला आली तशी शिसे खाचांना घासून चिकटू लागले, आणि घट्ट बसणारी गोळी नळीच्या तोंडातून आत ठोकायला वेळही फार लागे. शिकाऱ्यांनी उपाय काढला तो चरबी लावलेल्या कापडाच्या किंवा कातड्याच्या तुकड्याचा. गोळी त्यात गुंडाळून आत सारायची. शिसे आणि पोलाद यांच्यामध्ये तिसरे काहीतरी हवे, ही गोष्ट तेव्हापासून कायमची झाली.

सैन्याला मात्र याहून जलद काहीतरी हवे होते. कॅप्टन जॉन नॉर्टन हा इंग्रज अधिकारी दक्षिण भारतात असताना त्याने फुंकनळीतले बाण पाहिले, त्यांच्या बुडाचा मऊ भेंड फुंकरीने फुगून नळीला घट्ट बसतो हे त्याच्या ध्यानात आले, आणि त्यावरून त्याने पोकळ बुडाची गोळी केली असे सांगतात. त्याच्या सरकारने ती नाकारली. फ्रान्समध्ये देल्व्हीन्य आणि त्यानंतर क्लोद मिनिए यांनी तीच कल्पना पुढे नेली. १८४९ची मिनिए गोळी नळीत सैल उतरे, दारूच्या दाबाने बुडाशी फुगे आणि खाचा पकडी. तिच्या कमरेभोवती चर होते. त्या चरांत चरबी भरायची.

इंग्रजांनी ही युक्ती १८५३च्या एन्फिल्ड रायफलीसाठी घेतली, फक्त चर वगळून गोळी गुळगुळीत ठेवली. चरबी गेली ती काडतुसाच्या कागदावर. शिपायाने एक टोक दातांनी फाडायचे, दारू नळीत ओतायची आणि दुसऱ्या टोकाची, चरबीत बुडवलेल्या कागदात गुंडाळलेली गोळी तशीच आत ठासायची. म्हणजे शिकाऱ्यांची जुनी चिंधीच नव्या रूपात आली होती. जानेवारी १८५७मध्ये डमडमला ही चरबी गायीची आणि डुकराची असल्याची बातमी फुटली, त्यापुढचे आपण जाणतोच. वरसईचे गोडसे भटजी त्याच वर्षी उत्तरेकडे निघाले होते आणि वाटेत महूच्या परिसरात शिपायांकडून त्यांनी काडतुसांची हकिकत ऐकली, चिं. वि. वैद्यांनी १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या 'माझा प्रवास'मध्ये ती आहे. घर्षण कमी करणाऱ्या एका लेपाची वार्ता कोकणातल्या भिक्षुकाच्या वहीत यावी, हे मला या साऱ्या इतिहासातले सर्वांत विलक्षण वळण वाटते. पुढे काडतुसांवरची चरबी घटली आणि मधमाशीच्या मेणाचे प्रमाण वाढले. उष्ण प्रदेशात चरबी पाघळून कागदात मुरे, हेही त्याचे एक कारण होते.

१८८४ साली पॅरिसमध्ये पॉल व्हिएल यांनी नायट्रोसेल्युलोजपासून नवी दारू सिद्ध केली. ती जवळजवळ पूर्णपणे वायूत जळे. १८८६ची लेबेल रायफल तिच्यासाठीच घडवली गेली. पाठोपाठ नोबेलचे बॅलिस्टाइट आणि इंग्रजांचे कॉर्डाइट आले. १८९८च्या १ जुलैला क्यूबात सान हुआनच्या लढाईत, जुन्या काळ्या दारूच्या बंदुका घेतलेल्या अमेरिकी पलटणींचे ठिकाण प्रत्येक बारासरशी उघडे पडत होते आणि समोरचे स्पॅनिश नेमबाज दिसतच नव्हते. पण नव्या दारूच्या वेगाला उघडे शिसे टिकेना. स्वित्झर्लंडच्या एडुआर्ड रुबिन यांनी १८८२ सालीच तांब्याच्या आवरणाची गोळी करून ठेवली होती. आता तिचा दिवस आला. आमच्या पुण्याशेजारच्या खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९चा, म्हणजे मेण-चरबीच्या युगातला. त्यालाही हे स्थित्यंतर पाहावे लागले. सैन्यापुरता लेपाचा प्रश्न तांब्याने मिटवला.

नागरिकांपुरता तो मिटला नाही, विशेषतः अमेरिकेत. आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवता येत नाही, त्यामुळे घरी काडतुसे भरण्याचा छंद मराठी वाचकाला अपरिचित वाटेल. तिकडे मात्र १८७०च्या दशकातले गव्यांचे शिकारी वापरलेली पितळी टरफले पुन्हा भरत आणि शेकोटीवर शिसे वितळवून गोळ्या ओतत. जॉन बार्लो यांनी १८८४ साली 'आयडियल' नावाने या कामाची हत्यारे बनवायला घेतली. तो धंदा पुढे मार्लिनकडे आणि १९२५ साली लायमनकडे गेला. गोळीचे चर मेणाने भरणारे यंत्रही याच घराण्यातले. प्रत्येक नेमबाजाचे मिश्रण वेगळे असे. कोणी मेणात चरबी घाली, कोणी ग्रॅफाइट. आणि इथे तो लहान धूर प्रथमच उघड झाला. दारू 'निर्धूम', तरी बारामागे निळसर पडदा उभा राही. जळती दारू गोळीच्या बुडाशी मेणाला गाठते, मेणाची वाफ होते, ती थंड हवेत बारीक थेंबांत उतरते. क्षारांच्या ढगाखाली ती शतकानुशतके लपून राहिली होती, इतकेच.

१९६०च्या सुमारास अमेरिकेतील नॅशनल रायफल असोसिएशनचे ई. एच. हॅरिसन यांनी लेपाचा पद्धतशीर शोध घेतला. मेण आणि अॅलॉक्स २१३८एफ हे गंजरोधक तेलजन्य रसायन, अर्धे अर्धे. हे मिश्रण इतके रुजले की त्याला संघटनेचेच नाव पडले. नळीत शिसे बसणे त्याने खूप कमी झाले, धूर मात्र भरपूर राहिला. उघड्या मैदानावर कोणी तक्रार केली नसती. बंद चांदमारीच्या दालनात पाचसहा बारांनंतर लक्ष्य धूसर होई.

उत्तर आले ते बंदुकीशी संबंध नसलेल्या धंद्यातून. १९५०च्या दशकात जर्मनीत एर्विन गेमर यांनी हवेने उसळत्या प्लॅस्टिकच्या भुकटीत तापलेला धातू बुडवून त्यावर थर चढवण्याची रीत काढली. पुढच्या दशकात विद्युतभाराने भुकटी चिकटवण्याची पद्धत आली. १९६६ साली लॉस एंजेलिस परगण्याने शहरावरच्या धुरक्यामुळे रंगातल्या द्रावकांवर बंधने घातली आणि द्रावकाविना चढणाऱ्या या पावडर कोटिंगचे दिवस पालटले. फ्रिज, सायकली, खिडक्यांच्या चौकटी असा प्रवास करत २०१०च्या दशकात ते हौशी ओतकामवाल्यांच्या हाती पडले. प्लॅस्टिकच्या डब्यात गोळ्या आणि पॉलिएस्टरची भुकटी घालून हलवायचे, घर्षणाने विद्युतभार येतो, भुकटी चिकटते. मग छोट्या भट्टीत सुमारे २०० अंशांना थर भाजून पक्का करायचा. गोळ्या लाल, निळ्या, हिरव्या निघतात. जुन्या मंडळींना त्या अजून खेळण्यासारख्या वाटतात.

धुरक्याविरुद्धच्या कायद्याने वाढवलेला हा रंग गोळीचा धूर कमी करायला यावा, याची मौज वाटते. त्याने तो कमी केलाच, कारण उडून जाणारे मेण उरले नाही आणि बुडाचे शिसेही झाकले गेले. पण काही नेमबाजांना धूर तरीही दिसतो आणि ते रंगावर संशय घेतात. थर नीट भाजला गेला नसेल, किंवा सवयीने वर पुन्हा अॅलॉक्स चोपडले असेल, तर संशय खरा असतो. एरवी मला तो दारूकडे वळवावासा वाटतो. हलक्या भारात दाब कमी पडतो, काही जातींची दारू पुरती जळत नाही, आणि काडतुसाच्या बुडाशी दारू पेटवणाऱ्या टोपीतल्या स्फोटकाचाही थोडा वाटा असतो. जाणते लोक एकाच साच्यातल्या गोळ्यांपैकी काहींना मेण लावतात, काहींना रंग चढवतात आणि तोच भार ठेवून शेजारीशेजारी उडवून पाहतात. मेणाच्या गोळीमागे निळा पडदा येतो. रंगवलेल्या गोळीमागे जे विरळ राखाडी उरते, ते बहुतेक वेळा जुन्या आरोपीचे, म्हणजे दारूचेच असते.