ठसा : पुरावा की अलंकार? चिनी संग्रहवह्यांच्या संदर्भात एक विचार

प्रस्तावना : शिलालेखांच्या अभ्यासकांना 'ठसा' हे साधन परिचित आहे. आपल्याकडे तो प्रामुख्याने वाचनासाठी घेतला जातो. चीनमध्ये मात्र ठसा हा संग्रहवहीच्या पानाची शोभाही ठरला. या दुहेरी उपयोगात ऐतिहासिक पुराव्याचे काय झाले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

तंत्र व परंपरा : ओला कागद शिळेवर बसवून तो ब्रशने ठोकला की खोदीव भागात उतरतो. कागद सुकत आला की शाईचा बोळा त्यावर हलकेच थोपटतात. त्यामुळे पृष्ठभाग काळा होतो व अक्षरे पांढरी राहतात. दुन्ह्वांग येथे सापडलेल्या, थांग सम्राट ताय्‌चुंग याच्या लेखाच्या ठशावर इ.स. ६५३ ची हस्तलिखित नोंद आहे. उपलब्ध ठशांपैकी हा अतिप्राचीन असून तो पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे.

कात्रीचा परिणाम : सुलेखनाचा सराव सोयीचा व्हावा म्हणून संग्राहक ठशाच्या पट्ट्या कापून त्या वहीत चिकटवीत. पान देखणे होई. परंतु ओळींची लांबी, रिकाम्या जागा व शिळेचा आकार ही माहिती लोपत असे. हुआशान मंदिराची इ.स. १६५ ची शिळा मिंग काळात नष्ट झाली. तिचे चार जुने ठसे प्रसिद्ध आहेत. त्यांपैकी बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयातील 'सिमिंग' ठसा न कापता अखंड राहिला. म्हणूनच मूळ शिळेची संपूर्ण मांडणी आज त्यावरून कळते.

अलंकरणाची दुसरी वाट : बौद्ध भिक्षू ल्यूचौ (१७९१–१८५८) याने पुरावस्तूंचे, त्यांचा घाट दिसेल असे ठसे घेतले व त्यांभोवती चित्रे रेखाटून घेतली. इ.स. १८३६ च्या एका कृतीत प्राचीन कांस्यदीपाच्या ठशावर तो दीप स्वच्छ करणारी स्वतःची छोटी आकृती आहे. येथे सजावट झाली, तरी वस्तूचा आकार अबाधित राहिला.

निष्कर्ष : दोष अलंकरणाचा नसून संदर्भ तोडण्याचा आहे, असे यावरून दिसते. मूळ वस्तू नष्ट झाल्यावर ठसा हाच एकमेव साक्षीदार उरतो. म्हणून आपल्या विद्यार्थ्यांनी क्षेत्रभेटीत घेतलेले ठसे प्रकल्पवहीत सजवावेत, मात्र ते कापू नयेत; स्थळ, दिनांक व मापे यांची नोंद प्रत्येक ठशासोबत असणे अगत्याचे आहे.