हृदयाचा प्रतिध्वनी आणि शिकणारा हात

‘टू-डी इको काढून या’ हे डॉक्टरांचे वाक्य आज घरोघरी परिचयाचे झाले आहे. तपासणीचा कागद हाती पडला की यंत्राने हृदयाचे चित्र काढले, असे आपण सहज म्हणतो. वस्तुतः ते चित्र काढतो शिकलेला हात. त्या हाताला वळण कसे लागले, ते आज थोडक्यात पाहावयाचे आहे.

आरंभ करावा लागतो तो स्टेथोस्कोपापासून. १८१६ साली पॅरिसच्या नेकर रुग्णालयात रने लेनेक या वैद्याने कागदाची सुरळी एका रुग्ण स्त्रीच्या छातीस लावून हृदयाचे ठोके ऐकले. त्यातूनच पुढे लाकडी नळी निघाली. परंतु नळी करणे सोपे होते. तिच्यातून येणाऱ्या आवाजाचा अर्थ लावणे कठीण. लेनेक यांनी रुग्णाच्या हयातीत ऐकलेला आवाज शवविच्छेदनात दिसलेल्या विकृतीशी ताडून पाहिला, १८१९ साली त्यावर ग्रंथ लिहिला आणि विद्यार्थ्यांना खाटेपाशी उभे करून ऐकावयास शिकविले. खूण ओळखावी, तिचा पडताळा घ्यावा आणि मग ती दुसऱ्यास द्यावी, असा हा क्रम होता.

पुढे सव्वाशेहून अधिक वर्षांनी हाच क्रम स्वीडनमध्ये पुन्हा घडला. लुंड येथील डॉक्टर इंगे एडलर यांच्यापुढे एक बिकट प्रश्न होता. संधिवाती ज्वराने हृदयाची मायट्रल झडप आकसली असेल, तर शस्त्रक्रियेने ती मोकळी करता येई. पण झडप गळकी असेल, तर तीच शस्त्रक्रिया रुग्णास घातक ठरे. छाती उघडण्यापूर्वी हा भेद कळावा कसा? त्यांनी कार्ल हेलमुट हर्ट्झ या पदार्थवैज्ञानिकाचे साह्य घेतले. मालमो येथील कोकम्स जहाज-कारखान्यात धातूतील दोष शोधण्यासाठी श्राव्यातीत ध्वनिलहरींचे यंत्र वापरीत असत. हर्ट्झ यांनी ते आपल्याच छातीस लावून पाहिले. पुढे सीमेन्स कंपनीकडून मिळालेल्या यंत्राने, २९ ऑक्टोबर १९५३ रोजी, हलत्या हृदयाचे प्रतिध्वनी नोंदले गेले.

पण पडद्यावर नाचणारी रेघ कशाची, हे कोणास ठाऊक होते? एडलर यांना ती प्रथम डाव्या बाजूच्या वरच्या कप्प्याच्या भिंतीची वाटली. त्यांनी मरणासन्न रुग्णांच्या छातीवर लहरींची जागा व दिशा नोंदवून ठेवली, आणि मृत्यूनंतर त्याच दिशेने टोकदार सळई घालून ती कोठे पोचते ते पाहिले. ती रेघ मायट्रल झडपेची निघाली. ज्यांना या विद्येचा काहीच लाभ होणार नव्हता, अशा रुग्णांच्या देहांनी ही बाराखडी सिद्ध केली, याचे विस्मरण होऊ नये.

आता उरली शेवटची पायरी, अध्यापनाची. अमेरिकेत इंडियाना विद्यापीठातील हार्वे फायगेनबाउम यांनी १९६३ साली मेंदूच्या तपासणीचे एक पडून राहिलेले यंत्र हृदयाकडे वळविले. हृदयाभोवतीच्या आवरणात साचलेले पाणी त्यातून ओळखता येते, हे त्यांनी १९६५ साली प्रसिद्ध केले. तेवढ्यावर न थांबता १९६८ साली त्यांनी या विषयाचा अभ्यासवर्ग भरविला आणि १९७२ साली पाठ्यपुस्तक लिहिले. डॉक्टर नसलेल्या तंत्रज्ञांनाही हे कौशल्य शिकविता येते, हेही त्यांनी दाखवून दिले.

हे कौशल्य म्हणजे नेमके काय? ध्वनिलहरींना हाड आणि हवा आडवी येते. म्हणून रुग्णास डाव्या कुशीवर वळवावयाचे, दोन फासळ्यांमधली फट शोधावयाची, आणि तेथे हातातील प्रोब सरकवीत, कलवीत, फिरवीत राहावयाचे. कोन किंचित चुकला तर मोठा कप्पा लहान दिसतो. असे चुकलेले चित्र विश्वासाने वाचले, तर आजारी माणूस धडधाकट म्हणून घरी पाठविला जावयाचा. उलट, हृदयाभोवती साचलेले पाणी वेळीच दिसले, तर ते सुईने काढून जीव वाचविता येतो. असे ज्ञान केवळ पुस्तकातून मिळत नाही. शिकविणाऱ्याने विद्यार्थ्याचे मनगट धरून ते वळवावे लागते.

साउथ कॅरोलिना विद्यापीठाच्या वैद्यकीय विद्यालयाने २००६ पासून चारही वर्षांच्या शिक्षणक्रमात श्राव्यातीत तपासणी गुंफली. आता तर ही यंत्रे डॉक्टरांच्या खिशात मावू लागली आहेत. झडप आकसण्याचा तो जुना विकार आपल्याकडे गरिबांच्या घरी अजूनही आढळतो; त्यांच्या गावी खिशातले यंत्र पोचले, तर केवढा आधार होईल! मात्र यंत्र विकत घेता येते, हात घडवावा लागतो. रुग्णालयासाठी यंत्र घेताना शिकविणाऱ्याची तजवीज झाली आहे काय, हा प्रश्नही त्याच बैठकीत विचारला गेला पाहिजे.