चिनी चांदीच्या डॉलरची परीक्षा

गोदीतल्या एका कामगाराने माझ्या हातावर एक रुपेरी चिनी नाणे ठेवले. म्हणाला, “दादा, चांदीचे असेल तर पोरीच्या फीची सोय होईल.”

नाण्यावर लष्करी वेषातला टकल्या, मिशाळ माणूस. मागे धान्याच्या लोंब्या. हा युआन शी-काई. प्रजासत्ताकाचा अध्यक्ष, पण १९१५ च्या अखेरीस सम्राट व्हायला निघालेला! १९१६ त तो वारला, तरी १९१९ ते १९२१ सालच्या नाण्यांवरही मुखवटा त्याचाच. चीनने १९३५ त चांदीचे चलन सोडले. तोवर दुकानदार हे डॉलर वाजवून पारखून घेत.

वरची अक्षरे उजवीकडून वाचायची आणि वर्षाच्या आकड्यात १९११ मिळवायचे. आमच्या नाण्यावर ‘तीन’, म्हणजे १९१४. पण साल खोटे पाडणाराही कोरतोच. अस्सल नाणे सुमारे २६.९ ग्रॅम, व्यास ३९ मिलिमीटर. आमचे दोन्हींत उतरले. मात्र काठ जाड वाटला. लोहचुंबकाला ते चिकटले नाही, तेव्हा त्याचा चेहरा उजळला. पितळही चिकटत नाही, हे मी लगेच बोललो नाही.

शेवटी दोऱ्याने पाण्यात टांगून तोलले. या चांदीचे वजन पाण्यात दहाव्या हिश्श्याच्या आसपास घटते. आमचे जवळजवळ आठव्याने घटले. मी पुन्हा तोलले. तेच.

त्याने नाणे पुसून रुमालात बांधले आणि पाळीवर गेला.