साखऱ्याहून लोणार, साखऱ्याहून उनकेश्वर : ज्वालामुखीच्या शोधाचा इतिहास

ज्वालामुखीचा प्रदेश पाहण्यासाठी लोक आइसलँडला किंवा हवाई बेटांवर जातात. खाजगी गाडी, सोबत जाणकार वाटाड्या, सकाळी विवराचा काठ, दुपारी वाफाळते झरे आणि दिवस मावळता मुक्कामी परत, असा तो एका दिवसाचा प्रवास असतो. हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यात साखरा नावाचे गाव आहे. तेथूनही असा एक दिवस आखता येईल असे कोणी म्हटले, तर ते बोलणे थट्टेवारी जाण्याचीच शक्यता अधिक. परंतु साखऱ्याच्या पश्चिमेला लोणारचे विवर आहे, पूर्वेला पैनगंगेच्या काठी उनकेश्वरचे उष्ण पाण्याचे झरे आहेत, आणि मधली जवळजवळ सारी भूमी लाव्ह्याची आहे. तेव्हा सामग्री पुरेशी आहे. अडचण वेगळीच आहे. लोणारचे विवर ज्वालामुखीचे नाही. उनकेश्वरचे पाणीही ज्वालामुखीने तापवलेले नाही. आणि ज्वालामुखीची करणी जेथे उघड दिसते तेथे कोणी गाडी थांबवत नाही. हे असे का झाले, याला सुमारे दोनशे वर्षांचा इतिहास आहे.

प्रथम वाटाड्याविषयी. पर्यटनाचा धंदा अलीकडचा, पण वाट दाखवण्याचे काम जुने आहे. गावगाड्यात ते महार वतनदारांकडे असे. अंमलदार आला की त्याला पुढच्या गावापर्यंत पोचवणे, गावाची शीव दाखवणे, शिवेचा तंटा झाला तर साक्षीला उभे राहणे, ही त्यांची कामे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले, ते अशाच वेठीसारख्या सेवेतून या लोकांना सोडवण्यासाठी. भूमीची सर्वांत बारीक ओळख ज्यांना होती, त्यांच्याकडून ती अशी सक्तीने वसूल केली जात होती. एकोणिसाव्या शतकातील युरोपीय संशोधकांच्या लेखांत गावांची आणि डोंगरांची नावे विपुल येतात. वाट दाखवणाऱ्यांची नावे क्वचितच.

अशा संशोधकांपैकी आपल्या भागाशी संबंध असलेला पहिला महत्त्वाचा माणूस म्हणजे हेन्री व्हॉयसी. हा पेशाने शल्यवैद्य. विल्यम लॅम्बटनच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात वैद्य आणि भूशास्त्रज्ञ अशा दुहेरी कामावर १८१८ मध्ये त्याची नेमणूक झाली. लॅम्बटनने १८१५ साली बीदरजवळ आधाररेषा मोजली होती. तेथून सर्वेक्षणाची मुख्य साखळी निजामाच्या मुलुखातून उत्तरेला वऱ्हाडाकडे सरकत होती. लॅम्बटन १८२३ च्या जानेवारीत हिंगणघाट येथे वारला. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये व्हॉयसीला गाविलगडच्या डोंगरांत दगड झालेले शंख मिळाले. पुढच्या वर्षी तोही प्रवासातच मरण पावला.

या शंखांचे महत्त्व कळण्यासाठी त्या काळचा एक वाद ध्यानात घ्यावा लागतो. काळा कातळ पाण्यात साचून बनला की अग्नीतून निघाला, यावर युरोपात कडाक्याचे मतभेद होते. जर्मनीतील वेर्नर आणि त्याचे शिष्य पाण्याच्या बाजूचे; फ्रान्समध्ये देमारेने ओव्हेर्न्य येथील कातळ लाव्ह्याचा असल्याचे दाखवले होते. मग लाव्ह्याच्या डोंगरात शंख कसे? जॉन ग्रँट माल्कमसन या दुसऱ्या शल्यवैद्याने व्हॉयसीचे काम पुढे नेले. त्याचा प्रबंध १८३७ मध्ये लंडनच्या भूशास्त्र मंडळापुढे वाचला गेला आणि १८४० मध्ये छापला गेला. शंख गोड्या पाण्यातले होते. लाव्हा एकदाच वाहिला नव्हता. तो वाहून थिजला, त्यावर तळी साचली, तळ्यांत जीव वाढले, आणि मग पुढचा लोंढा त्यांच्यावर आला, असा या पुराव्याचा अर्थ पुढच्या संशोधनातून पक्का झाला. या शंखांपैकी एका जातीला जेम्स प्रिन्सेपचे नाव मिळाले. अशोकाची ब्राह्मी लिपी वाचणारा तो हाच प्रिन्सेप.

आज आपल्याला हे माहीत आहे की दख्खनच्या कातळाचे हे थर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे आहेत आणि आजही त्यांनी सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भूमी व्यापली आहे. सह्याद्रीत त्यांची जाडी दोन किलोमीटरच्या वर जाते आणि पूर्वेकडे ती कमी होत जाते. त्यांना इंग्रजीत दिलेले ‘ट्रॅप’ हे नाव स्वीडिश भाषेतील जिन्याच्या शब्दावरून आले. हा लाव्हा बहुतांशी शंकूच्या आकाराच्या डोंगरातून उसळलेला नसून जमिनीच्या लांबच लांब भेगांतून वाहत आलेला आहे. त्यामुळे चित्रातल्यासारखा ज्वालामुखी येथे शोधून सापडत नाही. आणि शोधणाऱ्यांची मोठी पंचाईत होते ती नेमकी येथेच.

कारण लोणार अगदी चित्रातल्यासारखे आहे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाची गोल वाटी, तिला उंचावलेला काठ, तळाशी खारे, क्षारयुक्त पाणी. अबुल फजलच्या ‘ऐन-इ-अकबरी’त लोणारचे पावित्र्य नोंदले आहे, आणि तेथील क्षार काच व साबण यांच्या कामी येतात हेही. पुराणकथा सांगते की लवणासुर येथे भूमीखाली दडून राहिला होता आणि विष्णूने वरचे झाकण दूर सारून त्याचा वध केला. १८२३ मध्ये अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने या स्थळाचे वेगळेपण नोंदवले. त्यानंतर आलेल्या बहुतेक भूशास्त्रज्ञांनी हे विवर ज्वालामुखीशी जोडले. चहूकडे लाव्हा आणि मध्ये विवर, तेव्हा दोहोंचे नाते उघडच वाटावे! १८९६ मध्ये अमेरिकेतील गिल्बर्टने ॲरिझोनातल्या विवराची चर्चा करताना लोणारचा दाखला घेतला, आणि दोन्हीकडे कारण वाफेच्या स्फोटाचे मानले. ॲरिझोनाचे विवरही पुढे अशनीच्या आघाताचेच ठरले. १९१२ मध्ये ला तूश आणि क्रिस्टी यांनी लोणारचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचाही कल भूगर्भातील कारणांकडेच होता.

खटकणाऱ्या गोष्टी मात्र सर्वांना दिसत होत्या. विवर ज्वालामुखीचे, तर त्यातून निघालेला नवा लाव्हा कोठे आहे? राख कोठे आहे? काठावरचे थर बाहेरच्या बाजूला कलंडलेले का? १९६० च्या दशकात अशनीचा विचार गंभीरपणे पुढे आला. १९६४ मध्ये लाफाँ आणि डीट्झ यांनी तो प्रश्न म्हणून मांडला. १९७३ मध्ये फ्रेडरिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम् यांच्या ‘सायन्स’मधील लेखाने निर्णय झाला. विवराच्या खडकात मास्केलिनाइट सापडला होता. कातळातले एक नेहमीचे खनिज अतिप्रचंड धक्क्याने, न वितळता, काचेसारखे होते, त्याला हे नाव आहे. असा धक्का देणे ज्वालामुखीच्या आवाक्याबाहेरचे आहे. विवराच्या वयाविषयी अजून एकमत नाही. एका पद्धतीने ते सुमारे ५२ हजार वर्षे येते, तर २०११ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या मापनाने सुमारे ५ लाख ७० हजार. दोन्ही आकडे लाव्ह्याच्या वयापुढे कालपरवाचेच.

आज लोणारचा वाटाड्या ‘उल्का’ हाच शब्द उच्चारतो, आणि ते योग्यच आहे. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने क्षारप्रिय सूक्ष्मजीवांचे कारण दिले, आणि तेही लोकांनी लवकर स्वीकारले. परंतु लोणारमधून काढून घेतलेला ज्वालामुखी त्याच्या खऱ्या जागी ठेवण्याचे काम राहून गेले.

उनकेश्वरची गोष्टही अशीच. नांदेड जिल्ह्यात किनवटकडील भागात हे स्थान आहे. शरभंग ऋषींचा कुष्ठरोग बरा व्हावा म्हणून रामाने बाण मारून उष्ण पाणी काढले, अशी येथील कथा आहे, आणि त्वचारोगी श्रद्धेने येथे स्नानाला येतात. थॉमस ओल्डहॅमने देशभरातील उष्ण झऱ्यांची यादी केली होती; ती त्याच्या मृत्यूनंतर १८८२ मध्ये प्रसिद्ध झाली. यादी पाहता येते तेव्हा एक गोष्ट कळते : उष्ण झरे लाव्ह्याच्या प्रदेशात आहेत तसेच हिमालयात आहेत, बिहारात आहेत, जेथे लाव्ह्याचा संबंध नाही तेथेही आहेत. भूगर्भात खाली जावे तसे तापमान साधारणपणे दर किलोमीटरला २५ ते ३० अंशांनी वाढते. पावसाचे पाणी खडकातील खोल भेगांतून खाली मुरते, तापते, आणि भूभ्रंशाच्या वाटेने झपाट्याने वर येते. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याची धग केव्हाच निवाली. या पाण्याची ऊब पृथ्वीची नेहमीची ऊब आहे.

मग ज्वालामुखी पाहायचा कोठे? मराठवाड्यातील कोणत्याही जुन्या, न बांधलेल्या विहिरीच्या काठावर उभे राहावे. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग कोठे भोकाभोकांचा मांजऱ्या, कोठे घट्ट काळा पाषाण, आणि क्वचित मध्येच तांबड्या मातीची पट्टी. विहीर खोदणाऱ्यांना हे थर तोंडपाठ असतात, कारण पाणी कोठे लागेल हे त्यांवरच ठरते. भूशास्त्राच्या भाषेत घट्ट पाषाण म्हणजे लाव्ह्याच्या लोंढ्याचा गाभा. मांजऱ्या म्हणजे त्याच्या वायूने फुगलेला भाग. तांबडी पट्टी म्हणजे दोन लोंढ्यांमधल्या काळात तयार झालेला आणि वरच्या लोंढ्याने भाजलेला मातीचा थर. माल्कमसनने शंखांवरून जे दाखवले, ते विहीर खोदणारा पहारीने रोज अनुभवतो. औंढा नागनाथचे मंदिर याच काळ्या दगडाचे, आणि कापसाची काळी जमीन याच दगडाची झीज. साखऱ्याहून लोणारला किंवा उनकेश्वरला जाताना ज्वालामुखी प्रवासभर चाकांखाली असतो.

ही केवळ शब्दांची काथ्याकूट नाही. वसमत, औंढा आणि कळमनुरी या तालुक्यांतील काही गावांना कित्येक वर्षे जमिनीतून गूढ आवाज ऐकू येतात. २१ मार्च २०२४ रोजी पहाटे आणि पुन्हा १० जुलै २०२४ रोजी सकाळी हिंगोली परिसरात साडेचारच्या आसपास तीव्रतेचे भूकंप झाले. अशा वेळी खाली ज्वालामुखी जागा होतो आहे काय, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने तेथे खोल छिद्र घेतले, तेव्हा कातळ केवळ ३३८ मीटर जाड निघाला. त्याखाली अतिप्राचीन खडक. खदखदणारे काही नव्हते. भारतीय भूपट्ट उत्तरेकडे रेटला जात आहे, त्याचा ताण जुन्या भेगांवर येतो आणि त्या सरकतात, हे अशा भूकंपांचे कारण.

किल्लारीत हजारो माणसे मेली ती रात्री झोपेत, घरे अंगावर पडून. ती घरे कोणत्या दगडाची होती? याच काळ्या पाषाणाची; नुसत्या मातीत रचलेल्या जाड भिंती, वर माळवदाच्या मातीचे ओझे. उन्हाळ्यात थंडावा देणारे हे घर भूकंपात माणसाला निसटू देत नाही. आगीची भीती बाळगणारा माणूस जमिनीकडे पाहत बसतो आणि भिंत तशीच राहते. दगडात लाकडाचे किंवा काँक्रीटचे पट्टे घालणे, भिंतीच्या दोन्ही अंगांना सांधणारे लांब दगड बसवणे, माळवदाचे वजन उतरवणे, हे उपाय माहीत आहेत आणि कुठल्याही गवंड्याच्या हातचे आहेत.

साखऱ्याहून कोणी असा दिवस आखलाच, तर लोणार जरूर पाहावे, उनकेश्वरला स्नानही करावे. मात्र वाटेत एका विहिरीवर गाडी थांबवावी, ती खोदणारे कोणी भेटले तर त्यांच्याकडून थरांची नावे ऐकून घ्यावीत, आणि परतल्यावर एखाद्या जुन्या घराच्या भिंतीकडे नीट पाहावे. ज्वालामुखीचा दगड तेथेही आहे, आणि त्याच्या आधाराने माणसे झोपली आहेत.